साडेबावीस कुठून आले?

बस इथे. फाइल बाजूला ठेव आणि माझं बोलणं पुरं होईपर्यंत मधे बोलू नकोस.

फेलोशिपच्या अर्जावर तुला माझी शिफारस हवी आहे. अर्ज मी काल रात्री दोनदा वाचला. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत तुझा एच-इंडेक्स. त्याखाली सायटेशनची बेरीज. त्याखाली प्रत्येक जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, तोही दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत. तू शोधतोयस काय, हे कळायला मला तिसऱ्या पानापर्यंत जावं लागलं, आणि तिथे लिहिलंयस ‘मधुमेह व चयापचय’. हा काय प्रश्न झाला? ही तर विभागाच्या दारावरची पाटी झाली.

म्हणून तुला विचारलं, इन्सुलिन-रोध मोजायला होमा-आयआर काढताना साडेबावीसनं का भागतात? तू मान खाली घातलीस. हे सूत्र १९८५ साली ‘डायबेटोलॉजिया’त आलं. ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांचा तो पेपर मधुमेहाच्या संशोधनात सर्वाधिक उद्धृत झालेल्या पेपरांपैकी एक आहे. तुझ्या पाचही पेपरांच्या संदर्भयादीत तो आहे. पाचदा त्याचं नाव घेतलंस आणि एकदाही तो उघडला नाहीस! निरोगी माणसाचं उपाशीपोटी इन्सुलिन ५ मायक्रोयुनिट आणि ग्लुकोज ४.५ मिलिमोल धरलं, त्यांचा गुणाकार साडेबावीस. त्यानं भागलं की निरोगी माणसाचं उत्तर एक येतं. इतकं सरळ आहे ते.

आता तुझा तक्ता बघ. आपल्या लॅबचा रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये येतो. हा रुग्ण घे: ग्लुकोज ९० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल. इन्सुलिन १०. उत्तर २.२ च्या आसपास यायला हवं. तू लिहिलंयस ४०. अठरापट! मिलिग्रॅमचा आकडा तसाच घातलास आणि साडेबावीसनं भागून मोकळा झालास. मिलिग्रॅम वापरायचे तर ४०५ नं भागायचं असतं. गणित कुणाचंही चुकतं, त्याचा मला राग नाही. पण समोर ४० दिसत असताना तुला ‘हे कसं शक्य आहे?’ असं वाटलंसुद्धा नाही, याचा राग आहे. तुझी नजर दुसऱ्याच आकड्यांवर खिळली होती.

त्या आकड्यांचंही नीट ऐकून घे. २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स मांडला. दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन मिळाली, की इंडेक्स दहा. इतरांनी तुझा उल्लेख किती वेळा केला एवढंच तो सांगतो, का केला ते सांगत नाही. २००७ साली निसेन आणि वोल्स्की यांनी रोसिग्लिटाझोन या औषधानं हृदयविकाराचा धोका वाढतो असं मांडलं. ज्यांना ते पटलं त्यांनी तो पेपर उद्धृत केला, आणि ज्यांना त्यातलं संख्याशास्त्र मान्य नव्हतं त्यांनीही केला. मोजणाऱ्याच्या लेखी सगळे सारखेच.

आणि तुझी बेरीज? दोनशे रुग्णांची एकच माहिती. वजनाचा एक पेपर, कंबरेच्या घेराचा दुसरा, चरबीच्या तपासण्यांचा तिसरा, असे पाच तुकडे केलेस. प्रत्येक नव्या पेपरात आधीच्या सगळ्यांचे संदर्भ दिलेस. अशी घरच्या घरी झालेली दहा सायटेशन तू बेरजेत धरली आहेस. याला संशोधन म्हणू नकोस. ती माणसं सकाळचा चहासुद्धा न घेता तुझ्यासमोर येऊन बसली होती. तुझ्यावर भरवसा ठेवून त्यांनी हात पुढे केला. त्या रक्ताचं मोल तू पेपरांच्या संख्येत करणार आहेस का?

काम कसं करतात हे पाहायला लांब जायची गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली जवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधीपासून त्यांची मापं घेतली, त्या काय खातात ते नोंदवलं. मूल जन्मलं की बहात्तर तासांच्या आत त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी. ही मुलं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजन कमी, स्नायू कमी, पण पात्याखालची चरबी त्या मानानं राखलेली. किरकोळ दिसणाऱ्या बाळाच्या अंगात चरबी जास्त असू शकते, हे २००३ साली छापून आलं. सुरुवातीपासून दहा वर्षांनी! पुढे हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, आणि आईच्या पोटात असतानाच्या बी-१२ आणि फोलेटशी त्यांच्या इन्सुलिन-रोधाचं नातं २००८ साली मांडलं. जगभर या कामाचे दाखले दिले जातात, कारण ते टाळून या विषयात पुढे जाताच येत नाही. सायटेशन मागून आलं. आधी चिमटीतली कातडी होती.

तू म्हणशील, सर, निवड समिती आकडेच बघते. बघते, आणि ते चूक आहे. पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं काम जोखू नये, असं सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनी २०१३ सालीच सांगितलं आहे. समितीत मी भांडेन, ते माझं काम. रकाना असेल तिथे आकडा खरा लिही. पण रकाना भरण्यासाठी रुग्णांचे तुकडे करू नकोस.

आता काय करायचं ते ऐक. सहाव्या पेपरचा मसुदा थांबव. सगळे होमा मूळ रिपोर्टवरून पुन्हा काढ, आणि छापून झालेल्या पेपरांत हीच चूक असेल तर संपादकांना स्वतः कळव. लाज वाटेल, वाटू दे. चुकीच्या आकड्यावर दुसऱ्यानं आपलं काम उभारलं तर ती लाज जास्त मोठी.

मग त्या दोनशे रुग्णांमधले सडपातळ वेगळे काढ. वजन नाही, पोट सुटलेलं नाही, तरी साखर वाढलेली. ‘डॉक्टर, मी तर बारीक आहे, मला का झालं?’ असं ते तुला ओपीडीत विचारतात, मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यांची माहिती तुझ्याच संगणकात पडून आहे आणि तू ती अजून उलगडून पाहिलेली नाहीस. तुझा हात नीटस आहे, रुग्ण तुझ्याशी मोकळेपणानं बोलतात, म्हणून एवढं बोललो. त्या माणसांना उत्तर देणं लागतोस तू. शुक्रवारी दुपारी प्रश्न लिहून आण. एकाच वाक्यात.