आप्त कोण?

25 जानेवारी 2019 रोजी भर दुपारी ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योजवळचे एक धरण फुटले. लोहखनिज धुऊन उरलेला गाळ साठवण्यासाठी ते बांधलेले होते, उंची 86 मीटर. खाणीचे उपाहारगृह त्याच्या खालच्याच अंगाला होते, आणि वेळ जेवणाची होती. 270 माणसे गेली. धरण स्थिर असल्याचा दाखला चारच महिन्यांपूर्वी दिलेला होता. तो देणारी संस्था जगभर नावाजलेली, तिचे इंजिनिअर शिकलेसवरलेले. गाळ एकाएकी पातळ होऊन वाहू लागण्याच्या धोक्यासाठी सुरक्षा-गुणांक किमान 1.3 हवा, असे तज्ज्ञांनी आधीच सुचवले होते. हिशेबात तो 1.09 आला. आधीच्या एका सल्लागार संस्थेने दाखल्यावर सही करायला नकार दिला, तेव्हा खाणमालकाने ते काम या संस्थेकडे दिले. आकडा समोर होता, त्याचा अर्थही कळत होता, आणि तरी सही झाली.

ज्याच्या सहीच्या भरवशावर दुसरी माणसे निर्धास्त जेवायला बसतात, त्याला लायक ठरवायचे ते कशावरून? हा प्रश्न मला तांत्रिक वाटत नाही. न्यायदर्शनाने तो फार पूर्वी हाताळला आहे. शब्द हे ज्ञानाचे साधन आहे, पण शब्द आप्ताचा असेल तरच, अशी तिथे अट आहे. आणि आप्त कोण, हे सांगताना न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन दोन गोष्टी मागतो: वस्तू स्वतः नीट जाणलेली असणे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची इच्छा असणे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असेही तो बजावतो. आपल्या परीक्षा, पदव्या आणि परवाने यांतली पहिलीच गोष्ट तपासतात. बॉयलरच्या वेल्डिंगमधला दोष ओळखता येतो का, क्रेनच्या दोराचे तुटलेले धागे मोजता येतात का, एवढे पाहून माणसाला सक्षम ठरवले जाते. दुसरी गोष्ट गृहीत धरली जाते. मराठीत तर आप्त म्हणजे नातलगच. मनुस्मृतीतही साक्षीदार कोण नसावा हे सांगताना, पैशाचे संबंध असलेल्यांच्या लगतच आप्तांनाही वगळले आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत, आणि तपासनिसाच्या बाबतीत आपल्याला पहिला आप्त हवा असताना व्यवस्था दुसरा पुरवते.

व्यवस्था, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाची दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घेण्याची पद्धत 1996 पासून आहे. ऑडिटर कारखान्यानेच निवडायचा, फीही त्यानेच द्यायची. अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर 473 कारखान्यांवर दोन वर्षे प्रयोग केला. धुराड्यातल्या धूलिकणांची मर्यादा घनमीटरला 150 मिलिग्रॅम होती. जुन्या पद्धतीच्या अहवालांत आकड्यांची दाटी झाली होती ती या 150 च्या जेमतेम खाली. मर्यादा ओलांडणारे कारखाने अहवालांत 7 टक्के होते. स्वतंत्रपणे पुन्हा मोजल्यावर 59 टक्के निघाले. मग काही कारखान्यांसाठी रीत बदलली. ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा नेमला, फी ठरावीक आणि एका सामाईक निधीतून दिली, काही मोजमापे दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतली. खोटे 'ठीक आहे' लिहिण्याचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटले. त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की नव्या रीतीत काम करणारे काही ऑडिटर त्याच काळात जुन्या रीतीनेही इतरत्र काम करत होते. माणूस तोच, यंत्र तेच. नेमणूक, फी आणि फेरतपासणी एवढे बदलले आणि लेखणी बदलली.

यावर कुणी रामशास्त्र्यांचे नाव घेईल. पेशव्यांचे वेतन घेणाऱ्या न्यायाधीशाने नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलेच ना? सांगितले, आणि त्यांच्याबद्दलचा आदर आजही कमी होण्याचे कारण नाही. पण पद त्यांनाच सोडावे लागले, आणि ते प्रायश्चित्त दादांनी कधीच घेतले नाही. ब्राझीलमध्ये सहीला नकार देणाऱ्यांनीही सचोटी राखली. काम दुसरीकडे गेले आणि धरण जागच्या जागी राहिले. शिवाय रोज हजारो लिफ्ट, बॉयलर आणि पूल तपासायचे, तर तितके रामशास्त्री आणायचे कुठून? ही अपेक्षा त्या माणसांवरही अन्याय करणारी आहे. घर चालवणाऱ्याला दर सहीला स्वतःच्याच पोटावर पाय देण्याची परीक्षा का द्यायला लावावी? सरकारी तपासनीसही विकला जातो, हा आक्षेप खराच आहे, पण त्याने माझेच म्हणणे पुढे जाते: पदामुळे कुणी आप्त होत नाही, वात्स्यायनाने म्हटले तसेच.

जास्त कठीण आक्षेप तर्काचा आहे. तपासनिसाला प्रमाणपत्र देणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देणार, आणि त्याला कोण? नागार्जुनाने सर्वच प्रमाणांवर, म्हणजे ज्ञानाच्या साधनांवर, हाच अनवस्थेचा दोष ठेवला होता. न्यायसूत्रांत याच्या उत्तरासाठी तराजू येतो. तराजूने सोने तोलतात तेव्हा तो प्रमाण असतो. त्याच्याविषयी शंका आली की वजन माहीत असलेल्या सोन्याने तोच तोलला जातो, तेव्हा तो प्रमेय, म्हणजे जाणून घ्यायची वस्तू, होतो. शेवटचा, कुणीच न तपासलेला तराजू शोधत बसावे लागत नाही. कुठलाही तराजू शंकेच्या वेळी तोलून पाहता आला पाहिजे, एवढे पुरते. माणसांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठीचे आयएसओ 17024 हे मानक याच दिशेने जाते: एकाच संस्थेने शिकवायचे आणि तिनेच प्रमाणपत्र द्यायचे, यात निःपक्षपातीपणाला धोका आहे, असे ते स्पष्ट नोंदवते. फी कुणाकडून घ्यायची आणि फेरतपासणी कुणी करायची, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिता येईल. गुजरातेत 2015 मध्ये ऑडिटर चिठ्ठीपद्धतीने नेमण्याचा नियम निघाला, म्हणजे हे अव्यवहार्य नाही. आपल्याकडे किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तो मुदत संपली की पुन्हा घ्यावा लागतो. शिक्का मारायला येणारा निरीक्षक जी वजने घेऊन येतो, तीही ठरावीक मुदतीने त्यांच्याहून वरच्या वजनांशी ताडून घेतलेली असतात. साखरेच्या किलोसाठी आपण एवढे करतो.