चित्रातला घोडा, टेकडीवरची अक्षरं

१९४४ च्या हिवाळ्यात फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाबाहेर पहाटेच्या अंधारात कॅमेरा लावून कडाक्याच्या थंडीत उभे राहत होते. समोर सिएरा नेवाडाची बर्फानं झाकलेली रांग, तिच्या पुढ्यात अजून काळोखात बुडालेल्या अलाबामा टेकड्या आणि अलीकडे एक कुरण. काही पहाटा फुकट गेल्या. मग एका सकाळी उन्हाची पट्टी नेमकी कुरणावर उतरली, पण तिथे चरणारा घोडा कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा. ॲडम्स थांबले. ऊन पसरून खेळ संपणार, एवढ्यात घोडा आडवा वळला आणि शटर दाबलं गेलं.

‘विंटर सनराइज’ हे ते चित्र. वर झगझगीत शिखरं, मध्ये टेकड्यांचा गडद काळा पट्टा, खाली उजेडातला इवलासा घोडा. सृष्टीचा पहिला दिवस असाच उजाडला असेल, असं बघणाऱ्याला वाटतं. पण त्या काळ्या पट्ट्यात मुळात दोन भलीमोठी पांढरी अक्षरं होती. गावच्या हायस्कूलच्या मुलांनी टेकडीवर चढून चुन्यानं शाळेची आद्याक्षरं रंगवली होती, एल आणि पी. ॲडम्सनी ती निगेटिव्हवरून शक्य तेवढी घालवली आणि उरलेल्या खुणा प्रिंटवर रंगानं बुजवल्या. १९८३ च्या ‘एक्झाम्पल्स’ या पुस्तकात त्यांनी हे स्वतःच सांगितलं आहे. काहींनी त्यावरून टीका केल्याचंही ते नोंदवतात. दृश्याचं सौंदर्य घालवणारा तो ओरखडा जपून ठेवण्याइतके आपण शुद्धिवादी नाही, असा त्यांचा सूर.

हे खोटं आहे का? प्रश्न नीतीचा वाटतो, पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. त्या चित्रातलं गांभीर्य नक्की कुणाचं? डोंगराचं, ॲडम्सचं की बघणाऱ्याचं? जे डोंगराचं कधी नव्हतंच, ते वाढवलं म्हणून डोंगराशी प्रतारणा कशी होईल?

नेमक्या याच मुद्द्यावर काश्मीरच्या पंडितांनी हजारेक वर्षांपूर्वी कडाक्याचं भांडण केलं होतं. विषय रंगभूमीचा होता. नट रामाचा शोक साकारतो तेव्हा रस कुठे असतो? भट्ट लोल्लट म्हणाला, मूळ रामात. श्रीशंकुकाला ते पटलं नाही. त्याच्या मते प्रेक्षक नटाच्या ठायी भावाचं अनुमान करतो, आणि उदाहरण म्हणून त्यानं चित्रातला घोडा पुढे केला. चित्रातल्या घोड्याला आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान खरं नाही, खोटं नाही, संशय नाही आणि ‘घोड्यासारखं काहीतरी’ असंही नाही. या चारांहून ते निराळंच आहे. दोघांचेही ग्रंथ हरवले. त्यांची मतं आपल्याला कळतात ती मुख्यतः अभिनवगुप्तानं खंडन करण्यासाठी नोंदवून ठेवली म्हणून. अभिनवगुप्ताचा निकाल असा की रस सहृदयाच्या, म्हणजे रसिक प्रेक्षकाच्या, अनुभवात असतो. चंद्र, मेघ, उपवन ही उद्दीपनं. भाव जागे करतात, पण ती काही भावाची मालक नव्हेत.

हा निकाल मानला तर डार्करूममधली बहुतेक भांडणं मिटतात. आकाश काळवंडवणारा फोटोग्राफर डोंगराच्या तोंडी खोटं वाक्य घालत नाही. डोंगर बोलतच नव्हता. तो फक्त उद्दीपन तीव्र करतो. १८५६ मध्ये समीक्षक जॉन रस्किननं निसर्गावर माणसाचे भाव लादण्याला दोष म्हटलं होतं. रसवाद्यांना त्यात दोषापेक्षा कामाची पद्धत दिसली असती.

नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक रंग नेमून दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, भयानक काळा आणि करुण कपोत, म्हणजे पारव्याच्या पिसासारखा करडा. आठांपैकी चार रस कृष्णधवल पट्टीतच बसले! उरलेल्यांना लाल, पिवळा, निळा, गोरा असे रंग लागतात. यावरून रौद्र रसाचं कृष्णधवल चित्र काढता येत नाही असा नियम करायला कुणी जाऊ नये, पण करुणाला करडा देणाऱ्याची नजर मात्र पक्की होती. मधल्या करड्या छटा किती आणि कशा ठेवायच्या, यावरच कृष्णधवल निसर्गचित्राचा भाव सर्वांत जास्त ठरतो.

तो भाव ठरवण्याचं काम नेहमी फोटो काढल्यानंतरच होतं असंही नाही. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीत हाफ डोम कड्यासमोर उभे असताना ॲडम्सकडे काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून घेतली आणि लगेच लक्षात आलं की यात आकाश आपल्याला दिसतंय तसंच येणार, वाटतंय तसं नाही. दुसऱ्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे निळं आकाश जवळजवळ काळं उतरलं आणि कडा त्यातून पुढे झेपावला. आज हेच काम संगणकावर निळ्या रंगाची पट्टी खाली ओढली की होतं. पुढे, १९३२ मध्ये, ‘शुद्ध’ फोटोग्राफीचा झेंडा घेऊन निघालेल्या एफ-६४ गटात हेच ॲडम्स आघाडीवर होते. त्यांच्या लेखी शुद्धता म्हणजे चित्रकलेची नक्कल न करणं. हात न लावणं नव्हे.

हात लावण्याचा कळस म्हणजे ‘मूनराइज, हर्नांडेझ’. १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोत गाडीनं जाताना त्यांना मावळत्या उन्हात चमकणारे दफनभूमीतले क्रूस आणि वर नुकता आलेला चंद्र दिसला. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची प्रकाशमानता त्यांना तोंडपाठ होती, तिच्यावरून हिशोब केला. एकच फोटो झाला; दुसरा घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा खालचा भाग रसायनानं गडद करून घेतला. पुढच्या दशकांत या एकाच निगेटिव्हचे तेराशेहून अधिक प्रिंट त्यांनी स्वतः काढले, आणि आकाश काळं होत गेलं. सुरुवातीच्या प्रिंटांत वर ढगांचे फिकट पट्टे दिसतात, म्हणून ती संध्याकाळ वाटते. उत्तरायुष्यातल्या प्रिंटांत जवळजवळ मिट्ट काळोख आहे. गाव तेच, थडगी तीच, पण करुणाच्या जागी काहीतरी अधिक निर्विकार आलं आहे. ज्या शांतरसाची बाजू अभिनवगुप्तानं हिरिरीनं मांडली, त्याच्या ते जवळ जातं.

गंमत पुढेच आहे. हे चित्र कधी घेतलं ते ॲडम्सना धड आठवत नसे. ते वेगवेगळी वर्षं सांगत. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९१ मध्ये, डेनिस डी चिको या खगोलप्रेमीनं चित्रातल्या चंद्राची जागा मोजून तारीख काढली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं. आकाशाचा रंग पूर्णपणे माणसाच्या मर्जीचा, पण त्यातला चंद्र साक्ष द्यायला शाबूत होता. श्रीशंकुकाच्या घोड्यात आणि फोटोतल्या घोड्यात फरक आहे तो इथे. चितारलेला घोडा कधी कुठे उभा असण्याची गरज नसते. फोटोतला घोडा एका सकाळी त्या कुरणात होता.

म्हणजे निकष भावाचा नसून साक्षीचा धरायला हवा. उजेड-काळोख वरखाली केल्यावरही चित्र ‘तिथे काय होतं’ हे सांगू शकत असेल, तर भाव हवा तेवढा चढवावा. फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे या निकषावर अडकतो. १८५० च्या दशकातलं कोलोडियन, म्हणजे निगेटिव्हच्या काचेवरचं रसायन, निळ्या प्रकाशाला इतकं संवेदनशील होतं की समुद्राला पुरेसं एक्स्पोजर दिलं की आकाश पांढरं फटक पडायचं. त्यानं युक्ती केली: समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, आणि मधे क्षितिजाची शिवण. त्याचे तेच ढग निरनिराळ्या समुद्रांवर तरंगताना सापडतात. २०२० मध्ये फोटोशॉपनं हीच सोय एका बटणावर आणली. चित्रं देखणी आहेत यात वाद नाही. त्यांतल्या आकाशावरून कुणी तारीख मात्र काढू नये.

एल-पी ही अक्षरंही याच निकषावर अडकतात. ती पुसल्यावर उरलेली टेकडी साक्ष देते, पण अर्धीच. तिथे कुणी राहतं, शाळेत जातं, टेकडीवर चढून आपलं नाव लिहितं, हे त्या चित्राला आता सांगता येत नाही. पहिल्या दिवसाची ती भावना या पुसण्यातूनही आली आहे.

आणि तरीही हा निकष पुरत नाही. ॲडम्स त्या भागात होते ते मुळात मान्झनारमुळे. युद्धकाळात अमेरिकी सरकारनं जपानी वंशाच्या दहा हजारांवर लोकांना लोन पाइनजवळच्या या छावणीत डांबलं होतं, त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक. छावणीच्या संचालकांच्या निमंत्रणावरून ॲडम्सनी तिथल्या माणसांचे फोटो घेतले. ‘बॉर्न फ्री अँड इक्वल’ हे पुस्तक १९४४ मध्येच, युद्ध चालू असताना, छापलं. त्याला धैर्य लागलं, हे मान्य करायलाच हवं. पहारेकऱ्यांचे मनोरे आणि काटेरी कुंपण टिपायची मात्र त्यांना मुभा नव्हती.

त्याच मुक्कामातलं ‘माउंट विल्यमसन’ हे दुसरं गाजलेलं निसर्गचित्र: पुढे धोंड्यांचा सडा, मागे ढगांतून शिखरावर कोसळणारा उजेड. त्यात कुठलंही अक्षर पुसल्याचं ऐकिवात नाही. छावणी नुसती चौकटीबाहेर राहिली. साक्षीच्या दृष्टीनं चित्र निर्मळ आहे, आणि कुंचल्यानं जे लपवता आलं नसतं ते कॅमेऱ्याच्या नुसत्या रोखानं लपलं आहे. वर ॲडम्सनी पुस्तकात असाही विश्वास व्यक्त केला की वाळवंट आणि उत्तुंग डोंगरांच्या त्या वैभवानं मान्झनारच्या लोकांचं मनोबल वाढवलं. हा भाव डोंगराचा नाही, हे अभिनवगुप्तानं सांगितलंच आहे. तो छावणीतल्या लोकांचाही होता असं ॲडम्सनी परस्पर गृहीत धरलं, आणि आकाश काळं करण्यापेक्षा हे फार मोठं धाडस आहे.

त्याच छावणीत तोयो मियाताके हा फोटोग्राफर कैदेत होता. त्यानं कॅमेऱ्याचं भिंग चोरून आत नेलं आणि छावणीतल्या सुताराकडून त्याच्यासाठी लाकडी खोकं करून घेतलं. कुंपणापाशी उभ्या तीन मुलांचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. ॲडम्सनी आपली मान्झनारची दोनशेहून जास्त छायाचित्रं १९६५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. तिथे ती इतिहासाच्या खात्यात जमा झाली. ‘माउंट विल्यमसन’ १९५५ च्या ‘फॅमिली ऑफ मॅन’ प्रदर्शनात भव्य आकारात लागलं आणि कलेच्या खात्यात राहिलं. ही वाटणी मोडून मियाताकेची मुलं आणि ॲडम्सचा डोंगर एकाच भिंतीवर लावावेत. प्रिंटमधली एकही छटा न बदलता डोंगराचा भाव बदलतो का, ते तिथे लोकांना पाहू द्यावं.