गीता चिंतन : अध्याय 3, श्लोक 12 – बांधाला लागून चार एकर

आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला बारावा. देवांनी दिलेलं भोगायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, अशा माणसाला भगवान इथे सरळ चोर म्हणतात. दरोडेखोराबद्दल नाही बोलत हां, साध्या उपभोग घेणाऱ्याबद्दल. पुढे अन्न, पाऊस, यज्ञ, कर्म असं चक्र येतं आणि सोळाव्या श्लोकात ते चक्र न फिरवणाऱ्याचं जगणंच फुकट ठरतं.

या आठवड्यात हा श्लोक मला टोचतोय, कारण घरात जमीन घ्यायचा विषय निघालाय. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावी बांधाला लागून असलेली चार एकर कोरडवाहू विकायला आहे. शेजारच्या काकांना दवाखान्याचं बिल भागवायचंय, महिन्याच्या आत पैसे हवेत, म्हणून चालू भावापेक्षा बरीच कमी किंमत सांगतायत. आप्पा म्हणतात, "बांधाची जमीन पुन्हा मिळत नाही. घेऊन टाक."

कायद्याची अडचण नाही. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, पण माझं नाव सातबाऱ्यावर आहे. म्हणजे मी शेतकरी! वखर कसा धरतात ते मला येत नाही, पण कागद ते विचारत नाही. आणि गंमत बघा, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन धरून कसणाऱ्या कुळांना मालक मानलं, ते याच कायद्याने.

सातबाऱ्यात नमुना सात मालकी सांगतो आणि नमुना बारा पीक. कसली नाही तर बारामध्ये 'पड' लागते. आपण आयटीवाले सात बघतो, बोजा तपासतो, सर्च रिपोर्ट काढतो. गीता बारा उघडून बघते. तारेचं कुंपण घातलेली, भाव वाढायची वाट बघत वर्षानुवर्षं पड राहिलेली काळी जमीन तुम्हीही पाहिली असेल. तिथलं चक्र थांबलेलं आहे.

मित्र म्हणतो, "तू नाही घेतलीस तर दुसरा घेईल, तेही आणखी पाडून. तू फक्त निमित्त." अकराव्या अध्यायातला हा शब्द आपण फार सोयीने वापरतो. ज्या अर्जुनाला तो सांगितला, तो पहिल्या अध्यायात राज्यच नको म्हणून बसला होता. मला तर फायदा हवाय. निमित्त झालेला माणूस भाव पाडत नाही.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी एकेका अध्यायावर बोलायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे. तीच 'गीता प्रवचने'. पुढे 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी विनोबांकडे 80 एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली. भूदानाचं नंतर काय झालं, किती जमीन खडकाळ निघाली, यावर वाद घाला खुशाल. पण धुळ्यात तिसरा अध्याय सांगणारा माणूस पुढे जमीन मागत पायी फिरला, हा मला योगायोग वाटत नाही.

मग घ्यायचीच नाही का? ते सोपं आहे, आणि त्याने काकांचं बिल फिटत नाही. माझ्या वैराग्याचा खर्च त्यांनी का भरायचा? म्हणून आधी त्यांना विचारायचं ठरवलंय, की जमीन खरंच विकायची आहे का, की हातउसने पैसे दिले तर भागेल. विकायचीच असेल तर चालू भावाने. आणि त्यांची इच्छा असेल तर कसायला तेच. यात आमची दोन वर्षांची बचत जाईल, फ्लॅटचं लांबेल. बायकोशी बोललोय, ती विचार करतेय. आप्पांना तर लगेच कूळ लागायची भीती वाटेल, आणि ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. लेखी काय करायचं ते वकिलांना विचारावं लागेल.

रविवारी गावी जातोय. चालू भावाचं आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

उद्या तेरावा श्लोक. राम कृष्ण हरी.