अनुपलब्धी आणि हरवलेली डावी बाजू

बारा ज्योतिर्लिंगांत गणल्या जाणाऱ्या परळी क्षेत्राच्या वैद्यनाथ या नावातच वैद्यक आणि अध्यात्म यांचे नाते गुंफलेले असून, समुद्रमंथनातून निघालेले अमृत व धन्वंतरी यांना येथील लिंगात लपविण्यात आले, असे क्षेत्राची आख्यायिका सांगते. वैद्यांचा नाथ म्हणून पूजिल्या जाणाऱ्या या देवाच्या सान्निध्यात, अर्धांगवायूनंतर जडणाऱ्या एका विकाराचा विचार करू लागले की, भारतीय प्रमाणशास्त्रातील, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांची चिकित्सा करणाऱ्या शास्त्रातील, एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: एखादी वस्तू दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असे ठरते काय?

मेंदूच्या उजव्या गोलार्धाला इजा झाल्यावर काही रुग्णांचे डाव्या बाजूच्या जगाकडे लक्षच जात नाही; या अवस्थेला अवकाशीय दुर्लक्ष म्हणतात. हा डोळ्यांचा दोष नव्हे, कारण दृष्टिक्षेत्राचा अर्धा भाग गमावलेला रुग्ण आपली उणीव ओळखून बहुधा मान वळवतो, तर दुर्लक्ष जडलेल्या रुग्णाला त्या बाजूला काही पाहण्याजोगे आहे असेच वाटत नाही. मराठी घरातील वाढलेल्या ताटात हे स्पष्ट दिसते: उजवीकडची भाजी व आमटी संपते, डावीकडची चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड तशीच राहते, आणि चटणी वाढलीच नाही अशी तक्रार रुग्ण मनापासून करतो.

न्यायदर्शनानुसार प्रत्यक्ष ज्ञानासाठी इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध पुरेसा नसतो. त्या इंद्रियाशी मनाचाही संयोग व्हावा लागतो, आणि मन अणुरूप असल्यामुळे ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. मन अन्यत्र असल्यास समोरचेही दिसत नाही, हा अनुभव बृहदारण्यक उपनिषदानेही नोंदविला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी पुढे जाऊन अनुपलब्धी, म्हणजे वस्तूचे न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. मात्र त्याला योग्यतेची अट घातली. वस्तू तेथे असती तर ती निश्चितच दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्यावरून ती नसल्याचे सिद्ध होते. म्हणूनच अंधारात घडा दिसला नाही, तर घडा नाही असे म्हणता येत नाही. चटणी नाही असे म्हणणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हीच योग्यता नाहीशी झालेली असते, आणि ती नाहीशी झाली आहे हे त्याला आतून कळण्याचा मार्ग बहुधा उरलेला नसतो.

पुनर्वसनातील मूल्यमापनाचे तात्त्विक महत्त्व येथे आहे. रुग्णाला आडव्या रेषेचा मध्य दाखवावयास सांगितल्यास तो खूण उजवीकडे सरकवून करतो, आणि कागदभर विखुरलेल्या चिन्हांवर काट मारताना डावीकडची चिन्हे सोडतो. कागदावर उत्तीर्ण होणारा रुग्णही घरात दाराच्या डाव्या चौकटीला धडकू शकतो, म्हणून कॅथरीन बर्जेगो मापनश्रेणीत दाढी करणे, बाही नीट करणे, जेवणे, चालणे अशा दैनंदिन वर्तनाच्या 10 बाबींना प्रत्येकी 0 ते 3 गुण दिले जातात. रुग्णाने स्वतःला दिलेले गुण आणि निरीक्षकाने दिलेले गुण यांतील अंतरावरून त्याच्या अजाणतेपणाचेही माप मिळते. 1978 मध्ये बिझियाक आणि लुझ्झाट्टी या संशोधकांनी मिलान येथील रुग्णांना शहरातील कॅथेड्रलसमोरचा चौक आठवून सांगावयास लावला, तेव्हा कल्पनेतही डावी बाजू गळली, आणि चौकाच्या विरुद्ध टोकाला उभे असल्याची कल्पना करताच आधी गळलेल्या इमारती आठवल्या. परळीच्या रुग्णास वैद्यनाथ मंदिराच्या पायऱ्यांच्या तळाशी आणि मग माथ्याशी उभे असल्याची कल्पना करावयास सांगून हाच प्रश्न विचारता येईल. मिलानच्या रुग्णांची स्मृती शाबूत होती, तिच्या एका बाजूकडे मन वळत नव्हते, एवढाच त्या प्रयोगाचा अर्थ.

शिवमंदिरात भक्त सोमसूत्र, म्हणजे अभिषेकाचे पाणी वाहून जाण्याची वाट, न ओलांडता माघारी फिरतो. त्याची प्रदक्षिणा अपुरी दिसली तरी न ओलांडलेली बाजू आहे हे त्याला ठाऊक असते. रुग्णाला ते ठाऊक नसते, आणि त्याच्या वतीने ते जाणणे हे सोबतच्या माणसाचे कर्तव्य ठरते. आपल्या अज्ञानाची सीमा स्वतःला दिसत नाही, ती दाखवण्यासाठी दुसरा साक्षी लागतो, हे गुरुपरंपरेचे म्हणणे येथे रुग्णशय्येजवळ खरे ठरते. म्हणून घरच्या माणसांनी अशा रुग्णाला हट्टी किंवा बेफिकीर ठरविण्यापूर्वी त्याच्या पुढ्यातील ताट अर्धे फिरवून पाहावे. जी चटणी त्याच्यासाठी नव्हतीच, ती उजवीकडे येताच तो खाऊ लागला, तर दोष त्याच्या स्वभावाचा नाही, हे समजून त्याला तपासणीसाठी न्यावे.