जुन्या यंत्राचा अधिकार

भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये काचेची खोली आहे. बाहेर मे असो की जानेवारी, आत २० अंश सेल्सिअस. मधोमध काळ्या ग्रॅनाइटचं मेज आणि त्यावर सुट्या भागांची मापं घेणारं यंत्र, सीएमएम. टोकाला माणकाचा बारीक मणी लावलेला प्रोब गिअरबॉक्सच्या हाउसिंगला अलगद टेकतो, मागे येतो, पुन्हा टेकतो. प्रत्येक टेकण्याचा आकडा शेजारच्या संगणकात मायक्रॉनमध्ये उमटतो. तो संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. सीएमएमचं कार्ड ज्या खाचेत बसतं ती खाच आजच्या मदरबोर्डवर सहसा मिळत नाही, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कोणी लिहिलाच नाही.

मी या पट्ट्यातल्या कारखान्यांचे संगणक सांभाळते, पंचवीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका ग्राहकाने ठरवलं, तपासणीचे रिपोर्ट पेनड्राइव्हवर नकोत, थेट पोर्टलवर चढवा. मशीनवरच्या काकांनी मला बोलावून घेतलं. पोर्टल उघडेना. एक्सपी २००१ चा. वेबवरचा संवाद कुलूपबंद ठेवणारी टीएलएस ही पद्धत त्याला १.० पर्यंतच येते. पोर्टलला निदान १.२ हवी, आणि ती आली २००८ मध्ये. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभालच थांबवली.

इंटरनेटवरच्या नव्या पत्त्यांचंही तसंच. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे अख्ख्या जगाला मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा, आणि तो एक्सपीला शिकवता येतो. काळ्या खिडकीत एक आज्ञा दिली की झालं. मी देऊन पाहिली, पत्ता मिळाला. पण नावावरून पत्ता विचारायची वेळ आली की एक्सपी तो प्रश्न जुन्या आयपीव्ही४ वरूनच पाठवतो. जुनी वाट बंद केली, आणि नवी भाषा येत असूनही त्याला एकही घर सापडेना. ते बघताना मला वाईट वाटलं. यंत्राबद्दल वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं तर हो, वाटतं.

काका म्हणाले, "ताई, माप तर बरोबर येतंय ना? मग त्यांना का चालत नाही?"

माप बरोबरच होतं. आदल्या महिन्यात कॅलिब्रेशन झालेलं. यंत्राला खरं काय ते ठाऊक होतं, पण ज्या भाषेत ते सांगता आलं असतं ती ऐकून घेणारं पलीकडे कोणी उरलं नव्हतं.

मी दिघीत राहते, आळंदी रस्त्याला. घरात ज्ञानेश्वरी रोज वाचली जाते, त्यामुळे काकांच्या प्रश्नाने मला थेट अठराव्या अध्यायात नेलं. तिथे ज्ञानेश्वर वेदाला कृपण म्हणतात. एवढा संपन्न, पण तीन वर्णांच्याच कानाशी लागला. स्त्रिया आणि शूद्र बाहेरच राहिले. ते उणेपण भरून काढायला वेदच गीतेच्या रूपाने सगळ्यांसाठी आला, असं ते सांगतात, आणि सांगतात ते मराठीत, शके १२१२ मध्ये, नेवाशात. कोणी काय ऐकावं याला धर्मशास्त्रात शब्द आहे, अधिकार. पोर्टलने एक्सपीला नाकारला तो हाच का?

मला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं, ते फाइल शेअरिंगच्या जुन्या वाटेने. ब्रिटनमधली रुग्णालयं ठप्प झाली, आणि तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. एका घराचं कुलूप कच्चं असलं की आळीतली सगळी घरं उघडी पडतात. म्हणून पोर्टलची मनाई मला मान्य आहे. जन्मावरून केलेल्या मनाईने कोणाचं रक्षण झालं? ती ज्यांच्याकडे होतं त्यांची मिरास राखत होती, बस्स. पण दार योग्य कारणाने बंद असलं तरी आतलं खरं बाहेर कोणी पोचवायचं हा प्रश्न उरतोच. माझ्या मते, ज्याला दोन्ही भाषा येतात त्याने. आधी संस्कृत शिकून या, असं ज्ञानेश्वरांनी कोणाला सांगितलं नाही.

माझे बाबा टर्नर होते. चाळीस वर्षं लेथवर काढून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो तर अंगठा उमटेना. दहाही बोटं लावून झाली. बाबा खुर्चीत समोर बसलेले, श्वास घेत असलेले, आणि पडद्यावर नकार. आम्ही परत आलो. दुसऱ्या खेपेला तिथल्या एका मुलीने कपाटातून बुबुळं टिपणारं यंत्र काढलं, म्हणाली, "आजोबा, इकडे बघा फक्त." अर्ध्या मिनिटात काम झालं. त्या मुलीने प्रश्न विचारायची भाषा बदलली होती.

मी कारखान्यात तेच केलं. तळहाताएवढा लिनक्सचा संगणक आणला, दोन लॅन पोर्टचा. एका वायरीवर फक्त एक्सपी, तो जुन्या एफटीपीने रिपोर्टची फाइल या डबीत टाकतो. दुसऱ्या वायरीवर बाहेरचं जग, तिथे डबी आयपीव्ही६ आणि टीएलएस १.३ बोलते. रिपोर्टखेरीज काही पुढे जात नाही, आणि बाहेरचं काही एक्सपीपर्यंत पोचत नाही. पहिला रिपोर्ट चढला तेव्हा काकांनी स्पिरिटच्या फडक्याने ग्रॅनाइट पुसलं, रोज पुसतात तसंच.

पण दुभाष्यालाही वय असतं. तीनशे वर्षांनी ज्ञानेश्वरीत पाठभेद साचले होते, ते एकनाथांनी शके १५०६ मध्ये शोधून शुद्ध केले. परंपरा सांगते, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे असं ज्ञानेश्वरांनी त्यांना स्वप्नात येऊन सांगितलं, आणि ते आळंदीला आले. माझ्या डबीला तीनशे वर्षं लागणार नाहीत, दहा पुरतील. तोवर काका निवृत्त झालेले असतील, बहुधा मीही.

परवा गुरुवारी, कारखान्याला सुट्टी असताना, मी जाऊन डबीवर कागद चिकटवून आले. कोणती वायर कुठून येते, पासवर्डची वही कोणत्या कपाटात आहे, फाइल कुठे पडते, सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात. खाली लिहिलं, डावी वायर काढू नका, पलीकडचं यंत्र चालू आहे.