नकाराची नजर

रशियनच्या पहिल्या वर्षाला एक नियम शिकवतात आणि मुलं तो बिनतक्रार पाठ करतात: वाक्यात नकार आला की कर्माची द्वितीया जाते, षष्ठी येते. ‘मी पुस्तक वाचलं’ यात पुस्तक द्वितीयेत, ‘मी पुस्तक वाचलं नाही’ यात षष्ठीत. वाचन वाढलं की नियम डळमळायला लागतो. एकाच लेखकाच्या एकाच पानावर नकारासोबत कधी षष्ठी भेटते, कधी द्वितीया. शिक्षकांना विचारलं तर उत्तर येतं, दोन्ही चालतं. व्याकरणात ‘दोन्ही चालतं’ असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात, कारण बोलणारा माणूस दोन रूपं उगाच जवळ बाळगत नाही. या ‘दोन्ही चालतं’चा अर्थ लावण्यात काही अभ्यासकांच्या उभ्या कारकिर्दी गेल्या. प्रश्न जवळजवळ तोच राहिला, पण तो विचारायची जागा हळूहळू सरकत गेली. हा लेख त्या सरकण्याबद्दल आहे.

पहिला महत्त्वाचा वाद व्याकरणकारांनी नव्हे, एका कवीने घातला. 1830च्या शरदात पटकीच्या साथीमुळे पुश्किन बोल्दिनो या गावी अडकून पडला होता. त्या सक्तीच्या सवडीत त्याने टीकाकारांना उत्तरं लिहून काढली. ‘येवगेनी अनेगिन’मधल्या एका ओळीत नकारानंतर द्वितीया आली म्हणून त्याला कुणीतरी चूक दाखवली होती. पुश्किनचं म्हणणं असं, की नकार ‘इच्छिणे’ या क्रियापदाला लागला आहे आणि नाम त्याच्या पुढच्या क्रियापदाचं कर्म आहे. मग नामाने विभक्ती का बदलावी? एवढ्यावर न थांबता त्याने एक मुद्दाम लांबवलेलं वाक्य रचलं, क्रियापदामागे क्रियापद जोडलेलं, आणि विचारलं, की त्या नकाराच्या चिमुकल्या शब्दातली वीज ही सगळी साखळी ओलांडून टोकाच्या नामापर्यंत पोचावी अशी अपेक्षा आहे का? त्याचं उत्तर अर्थातच नाही. (फॅरेडेचा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध याच्या पुढच्या वर्षीचा. विजेची उपमा तेव्हा अगदी ताजी होती.)

गंमत अशी, की शेजारच्या पोलिशमध्ये ही वीज खरोखरच पोचते. ‘मला पुस्तक वाचायचं नाही’ असं पोलिशमध्ये म्हणताना नकार ‘इच्छिणे’ला लागतो आणि ‘वाचणे’ ओलांडून पुस्तकाला षष्ठीत नेतो. तिथे द्वितीया चूक ठरते. चेकमध्ये उलट, आजच्या बोलण्यात ही षष्ठी काही ठरीव वाक्प्रयोगांपुरतीच उरली आहे. एकाच कुळातल्या तीन भाषा. एकीत सक्ती, एकीत जवळजवळ लोप, आणि मधोमध रशियन, जिथे दोन्ही चालतं. स्लाव्हिक नकाराचा अभ्यास रशियनभोवती फिरत राहिला तो रशिया मोठा देश म्हणून नव्हे. निवड शिल्लक असते तिथेच अर्थ पकडायची संधी असते.

ती संधी प्रथम पद्धतशीरपणे घेतली रोमान याकोबसन यांनी. क्रांतीनंतर रशिया सोडून ते चेकोस्लोव्हाकियात आले होते. 1936 साली त्यांनी रशियन विभक्तींवर जर्मनमध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. त्यातली भूमिका धीट होती: प्रत्येक विभक्तीला सर्व उपयोगांना पुरून उरेल असा एकच अर्थ असतो. षष्ठीचा अर्थ त्यांनी सांगितला तो असा, की वस्तू त्या प्रसंगात किती सहभागी आहे याची मर्यादा ती दाखवते. ‘थोडं पाणी’मधलं पाणी अंशतः सहभागी, ‘पाणी नाही’मधलं मुळीच नाही. नकाराची षष्ठी ही त्यामुळे वेगळी भानगड न राहता याच मर्यादेचं टोक ठरली. हा विचार अजून मोह घालतो. पण त्यात अर्थ शोधायची जागा नामाला लागलेला प्रत्यय एवढीच आहे. वाक्य बाहेरच राहतं.

अमेरिकेत 1975 साली ॲलन टिंबरलेक यांनी षष्ठीकडे कल झुकवणाऱ्या घटकांची उतरंड मांडली: नाम अमूर्त की मूर्त, सामान्य की विशेष, नकार ठासून आहे की साधा, वगैरे. उपयुक्त काम. पण कल का झुकतो, हे अशा उतरंडीतून कळत नाही.

वाक्य आत आलं ते लेनर्ड बॅबी यांच्या 1980च्या पुस्तकामुळे. त्यांचं लक्ष कर्मापेक्षा कर्त्यावर होतं, कारण रशियनमध्ये नकारामुळे कर्तासुद्धा प्रथमा सोडून षष्ठीत जातो. आणि तसं झालं की क्रियापद कर्त्याशी जुळणं सोडून देतं आणि नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. मराठी वाचकाला हे चटकन कळावं. ‘रामाने मुलीला मारलं’ या आपल्या भावे प्रयोगात क्रियापद हेच करतं. आता ‘थंडी जाणवली नाही’ हे वाक्य घ्या. रशियनमध्ये ‘मरोझ’, म्हणजे कडाक्याची थंडी, प्रथमेत ठेवली तर थंडी होती, पण अंगाला लागली नाही. ‘मरोझा’ असं षष्ठीत म्हटलं तर थंडी अशी नव्हतीच. मराठीत हा फरक सांगायला दुसरं वाक्य जोडावं लागतं. रशियन माणूस तो एका स्वरात उरकतो.

बॅबींनी याचं स्पष्टीकरण दोन पायांवर उभं केलं. एक, षष्ठीचं वाक्य हे अस्तित्व नाकारणारं वाक्य. दोन, वाक्यात आधीपासून चर्चेत असलेला भाग आणि नव्याने सांगितला जाणारा भाग असे दोन तुकडे असतात, आणि नकाराची सत्ता फक्त नव्या भागावर चालते. नाम नव्या भागात असेल तर षष्ठी, जुन्या भागात असेल तर प्रथमा. ही दुफळी प्राग संप्रदायाची. याकोबसन ज्या वर्तुळात वावरले तिथलीच. म्हणजे प्रश्न ‘नामाला काय झालं’ इथून ‘नकाराच्या कक्षेत काय आलं’ इथे सरकला.

कक्षेच्या या प्रश्नावर एक बाई कितीतरी आधीपासून, पण वेगळ्याच कारणाने, अडून बसल्या होत्या. बार्बरा पार्टी यांनी स्वार्थमोर कॉलेजात गणित मुख्य विषय घेतला होता, जोडीला रशियन आणि तत्त्वज्ञान. 1961 साली त्या एमआयटीत नोम चॉम्स्की यांच्याकडे आल्या आणि 1965 साली पीएचडी झाल्या. तेव्हाचा एक आवडता सिद्धान्त सांगत होता, की वाक्याचं एका रूपातून दुसऱ्या रूपात रूपांतर केलं तरी अर्थ बदलत नाही. पार्टीबाईंनी 1970च्या एका लेखात नकार आणि संख्यावाचक शब्द घेऊन त्याला सुरुंग लावला. त्यांच्या उदाहरणाचा मराठी नमुना असा: ‘फार थोडे नियम स्पष्टही असतात आणि सोपेही’ आणि ‘फार थोडे नियम स्पष्ट असतात आणि फार थोडे नियम सोपे असतात’. दुसरं वाक्य पहिल्याचं फोड केलेलं रूप वाटतं, पण पहिलं खरं आणि दुसरं खोटं असू शकतं. नकाराचंही तसंच. ‘सगळे आले नाहीत’ म्हणजे एकही आला नाही, की काही आले काही नाही? मराठी माणूस संदर्भाने निभावतो. सिद्धान्ताला निभावून चालत नाही.

उत्तर शोधत त्या तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यू यांच्याकडे वळल्या. माँटेग्यू लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांचे सहकारी होते. 1971 साली त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांची तार्किक अर्थमीमांसा भाषाशास्त्रज्ञांच्या गळी उतरवण्याचं काम प्रामुख्याने पार्टीबाईंनी केलं. त्यातून एक अख्खी शाखा उभी राहिली. रशियन तोवर मागे पडली होती.

मधल्या काळात वाक्यरचनेची मंडळी स्वस्थ नव्हती. 1982 साली डेव्हिड पेसेट्स्की यांनी एमआयटीच्या प्रबंधात दाखवलं, की षष्ठी घेणारा कर्ता मुळात कर्माच्या जागी जन्मलेला असतो. ‘उत्तर आलं नाही’ यात उत्तराला षष्ठी चालते, ‘मूल हसलं नाही’ यात मुलाला चालत नाही. हसणारा स्वतः काही करतो, येणारं उत्तर करत नाही. इतर काही जण स्लाव्हिकच्या दुसऱ्या प्रसिद्ध खोडीमागे लागले. ‘कोणी कोणाला काही सांगितलं नाही’ यात आपला नकार एकदाच येतो. रशियनमध्ये ‘निक्तो निकमू निचिव्हो न्ये स्कझाल’ असं म्हणतात, चार शब्दांवर नकाराचा शिक्का. तर्कशास्त्राच्या हिशेबाने चार नकार म्हणजे होकार व्हायला हवा, पण रशियन ऐकणाऱ्याला असा संशय येत नाही. 1990च्या दशकात स्यू ब्राउन, लिलियाना प्रोगोवात्स आदींनी याच्यावर काम केलं. 2004 साली हेड्डे झाइल्स्ट्रा यांनी ॲम्स्टरडॅमच्या प्रबंधात नेमकेपणाने मांडलं, की नकार एकच असतो, बाकीची चिन्हं ही केवळ जुळणी. ‘माझी मोठी काळी मांजर’ यात स्त्रीलिंग तीनदा दिसतं म्हणून मांजरी तीन होत नाहीत. हा तिढा मला षष्ठीइतका खोल वाटत नाही. हिशेब जुळला की तो मिटतो.

षष्ठीचा मिटत नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पार्टीबाई दरवर्षी काही महिने मॉस्कोत शिकवू लागल्या आणि व्लादिमीर बर्शोव यांच्याबरोबर, जे त्यांचे पतीही, याच षष्ठीवर लिहू लागल्या. बर्शोव गणिताकडून आलेले आणि जन्माने रशियन बोलणारे. विद्यार्थिदशेत शिकलेली भाषा आणि तिशीत छळलेला प्रश्न, दोन्ही साठीत एकाच टेबलावर आले.

त्यांनी बॅबींच्या दुसऱ्या पायावर बोट ठेवलं ते किराणा दुकानातल्या एका वाक्याने. केफीर म्हणजे दूध आंबवून केलेलं, ताकाच्या जातीचं पेय. समजा कुणी म्हणालं, ‘मी केफीर शोधत होतो. केफीर दुकानात नव्हतं.’ दुसऱ्या वाक्यात केफीर काही नवीन नाही. विषयच त्याचा चालला आहे. बॅबींच्या नियमाने ते प्रथमेत हवं. पण रशियन माणूस ठामपणे षष्ठी वापरतो: ‘केफीरा व मगझीन्ये न्ये बीला’. प्रथमा वापरून पाहा, आणि वाक्याचा अर्थ होतो की केफीर काही दुकानात जाऊन आलं नाही, जणू ते पिशवी घेऊन बाहेर पडणारं गिऱ्हाईक आहे!

पहिल्या पायावरही आच आलीच. ‘वडील समुद्रावर नव्हते’ हे वाक्य दोन्ही विभक्तींत म्हणता येतं. प्रथमेत: वडील कधी समुद्रावर गेलेले नाहीत. षष्ठीत: तेव्हा ते किनाऱ्यावर दिसले नाहीत, तिथे नव्हते. वडील जगात आहेत हे दोन्हीकडे गृहीतच आहे, मग अस्तित्व नाकारलं कुठे? मॉस्कोच्या येलेना पादुचेवा यांनी या जातीच्या वाक्यांत एक न बोललेला निरीक्षक शोधला: षष्ठीच्या वाक्यात कुणीतरी त्या जागी उभं राहून बघत असतं.

बर्शोव आणि पार्टी यांनी यातून काढलेली कल्पना अशी. असण्याच्या वाक्यात दोन पात्रं असतात, वस्तू आणि जागा, आणि अस्तित्व हे त्या जागेपुरतंच असतं. बोलणारा दोहोंपैकी एकाला पाहण्याचा केंद्रबिंदू करतो. त्यांनी कॅमेऱ्याचा दाखला दिला: कॅमेरा वस्तूच्या मागे फिरतो, की जागेवर रोखलेला असतो? वडिलांच्या मागे कॅमेरा फिरला, ते कुठेकुठे गेले हे टिपत, आणि त्यात समुद्र आला नाही, तर प्रथमा. कॅमेरा समुद्रावर रोखला आणि चौकटीत वडील नाहीत, तर षष्ठी. केफीर शोधणारा गिऱ्हाईक विषय केफीरचा बोलतो, पण बघतो फडताळाकडे. कशाविषयी बोलतो आणि कुठे बघतो या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बॅबींच्या मांडणीत त्या एकात एक मिसळल्या होत्या. हा लेख 2002 साली ‘जर्नल ऑफ स्लाव्हिक लिंग्विस्टिक्स’मध्ये आला. या विषयावरच्या वाचनातली माझ्या मते ही सर्वात सुंदर पायरी. पुश्किनला नकार विजेसारखा वाक्यातून वाहणारा दिसला होता. इथे तो वाहत नाही; बोलणारा उभा कुठे आहे यावर सगळं ठरतं.

सुंदर कल्पनेला घट्ट धरून बसायची मुभा मात्र त्यांनी स्वतःला दिली नाही. कॅमेऱ्याची भाषा कर्त्याच्या षष्ठीला शोभते; ‘मी उत्तराची वाट पाहिली नाही’ अशा वाक्यातल्या कर्माच्या षष्ठीला ती ओढूनताणून लावावी लागते. पुढच्या काही वर्षांत पादुचेवा, याकोव तेस्तेलेत्स आणि इगोर यानोविच यांना बरोबर घेऊन त्यांनी दुसरी वाट चाचपली: षष्ठीतलं नाम कुणा ठरावीक वस्तूकडे बोट दाखवत नाही, ते फक्त गुणधर्म सांगतं. ‘उत्तर’ म्हणजे ते एक उत्तर नव्हे, उत्तर म्हणण्याजोगं काहीही. वाट पाहणे, मागणे अशा क्रियापदांना नकाराशिवायही षष्ठी का लागते, हेही त्यातून सुटायची शक्यता दिसते. पण मग ‘वडील’ गुणधर्म कसे झाले? विशेषनामांपाशी ही वाट अडखळते, आणि कॅमेरा परत हाताशी घ्यावासा वाटतो.

मधल्या काळात रशियनही जागची हलत होती. कर्माच्या जागी द्वितीया वाढत चालली आहे; पुश्किनच्या टीकाकाराला खटकलेली द्वितीया आज कुणाला खटकणार नाही. अभ्यासकांच्या उदाहरणवाक्यांवर खुद्द रशियन भाषकांचे कौल फुटतात. एकाला जे वाक्य चालतं ते दुसऱ्याला कानाला खुपतं. 2004 साली रशियन भाषेचा राष्ट्रीय वाक्यसंग्रह इंटरनेटवर खुला झाल्यापासून ही वाक्यं कानावर न तोलता लाखो छापील पानांत शोधता येतात. कर्त्याची षष्ठी आणि कर्माची षष्ठी हा एकच व्यवहार आहे की दोन, यावर अजून दोन तट आहेत. बॅबी आणि पेसेट्स्की, एरवी फारशा न पटणाऱ्या वाटांचे, एका बाजूला: व्यवहार एकच. मला स्वतःला दोन वाटतात, निदान आजच्या रशियनपुरते. कर्माची षष्ठी दर पिढीगणिक मागे हटते आहे. दुकानात नसलेल्या केफीरची तसूभरही हललेली नाही.