परमुलखातून आलेल्याचे देणे

नागपूरच्या गांधीबागेत ठोक कापडाची दुकाने उघडली की हातगाड्यांची रांग लागते. तागाच्या सुतळीने आवळलेले, शाईने नंबर घातलेले गठ्ठे हमालांच्या पाठीवरून उतरतात आणि मुनीम उधारीची नोंद करून माल पुढे पाठवतात. या व्यवहारातल्या माणसांच्या घराण्यांचा माग काढला, तर तो बहुतेक वेळा परमुलखात पोचतो. मारवाडातून आलेले व्यापारी, गुजरातेतून आलेले बोहरा, फाळणीनंतर आलेले सिंधी, शेजारच्या मोमिनपुऱ्यात उत्तरेकडून येऊन वसलेले विणकर, छत्तीसगढचे मजूर. शहराचा पायाच तसा घातला गेला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले तेच बाहेरून कारागीर आणि शेतकरी आणून. आता याच पेठांतली मुले अमेरिकेत, जर्मनीत, आखातात नोकरी शोधतात. अशा वेळी एक प्रश्न धर्माच्या पातळीवर विचारलाच पाहिजे. पोटासाठी आलेल्या परक्याचे आपण काय देणे लागतो: दया, पाहुणचार की न्याय? माझे उत्तर न्याय हे आहे, आणि तो आपल्या मुलांसाठी तिकडे मागायचा असेल तर इकडे आधी द्यावा लागेल.

आपल्या परंपरेने दोष आधी जाणाऱ्याच्या माथी मारला होता. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पतित करणाऱ्या कर्मांत मोडतो. दुसऱ्याची ठेव गिळंकृत करणाऱ्याच्याच पंक्तीला समुद्र ओलांडणारा बसवला आहे. हे केवळ पोथीत राहिले नाही. १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेला निघाले तेव्हा मुंबईतल्या मोढ वाण्यांच्या पंचायतीने त्यांना वाळीत टाकले, आणि परतल्यावर जातीच्या समाधानासाठी त्यांना नाशिकला गोदावरीत शुद्धिस्नान करावे लागले. आज हा निषेध कुणी मानत नाही आणि ते योग्यच आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आपण पुरता स्वीकारलेला नाही. एका गावातून जाणे म्हणजेच दुसऱ्या गावात येणे. जाणे पाप नसेल, तर येणे अपराध ठरत नाही.

यावर उत्तर मिळते की आपल्याकडे अतिथिधर्म आहेच, तो पुरेसा आहे. तो पुरेसा नाही. मनुस्मृतीतला अतिथी एका रात्रीच्या मुक्कामाचा आहे. इमॅन्युएल कांटनेही १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर लिहिताना परक्याला भेटीला येण्याचा हक्क दिला, पाहुणा म्हणून राहण्याचा नाही. राबायला आलेला माणूस या दोन्ही चौकटींत बसत नाही. तो यजमानाचे अन्न फुकट खात नाही, उलट ते पिकवायला, विणायला, वाहायला हात लावतो. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा तिच्या उभारणीत लँकेशायरहून आलेले जेम्स ब्रुक्सबी हे तंत्रज्ञ होते. त्यांना शहराचे पाहुणे म्हणणे जितके अपुरे, तितकेच नागपूरच्या मुलाला बर्लिनचा पाहुणा म्हणणे अपुरे. पाहुण्याला यजमानाच्या मर्जीवर राहावे लागते. ज्याने श्रम ओतले त्याचा फळात वाटा असतो.

पहिला आक्षेप गंभीर आहे. दारातून किती माणसे घ्यायची हे ठरवायचा अधिकार प्रत्येक देशाला नाही का? आहे. पण संख्या ठरवणे वेगळे आणि आत घेतलेल्याला कमी दर्जाचा माणूस ठरवणे वेगळे. १८९३ मध्ये गांधी एका व्यापारी पेढीच्या कामासाठी १०५ पौंडांच्या करारावर दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथल्या नाताळ वसाहतीच्या सरकारला ऊस तोडायला हिंदी मजूर हवे होते, पण मुदत संपल्यावर तेच मजूर स्वतंत्र माणसे म्हणून नको होते. म्हणून १८९५ मध्ये करार संपवून तिथेच राहणाऱ्यांवर दरसाल तीन पौंडांचा कर बसवला गेला. तो १९१४ मध्ये सत्याग्रहानंतर उठला. श्रम घ्यायचे आणि श्रम करणाऱ्याचे अस्तित्व महाग करायचे, हा त्यातला अन्याय. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले तेव्हा आपल्या घराघरांत संताप झाला. त्या दोन गोष्टी सारख्या नाहीत, पण संतापाला न्यायाचा आधार हवा असेल तर त्याची कसोटी सर्वांना एकच लागली पाहिजे.

दुसरा आक्षेप स्थानिकांच्या पोटाचा. परका कमी पैशांत राबतो आणि भूमिपुत्राचे काम जाते. हे दुःख खरे आहे. हातमागावरच्या कोष्ट्यांना विचारा, रोजगार हातून जाणे म्हणजे काय असते. पण मजुरी पाडतो तो मालक, आणि ती पाडता येते कारण परक्याला दाद मागायला जागा नसते. त्याला समान वेतन आणि समान कायदा मिळाला की स्वस्त परक्याचे हत्यारच हातातून गळते. परक्याचा हक्क आणि स्थानिकाचे पोट एकाच बाजूला उभे आहेत.

तिसरा आक्षेप मायभूमीच्या ऋणाचा: परदेशी जाणारा ते बुडवतो. त्याला नागपूरच्या इतिहासातच उत्तर आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार ते १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले, तर राहायला खोली मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला आणि तिथूनही हाकलले गेले. परदेशात ज्याला विद्यार्थ्याची प्रतिष्ठा मिळाली तो स्वदेशात परका ठरला. म्हणजे परकेपण भूमीने येत नाही, माणसांच्या वागण्याने लादले जाते. आणि ऋण? ते फेडायला त्यांनी संविधान दिले, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लाखोंना बौद्ध धम्माचा मार्ग दिला. न्यूयॉर्कला आणि लंडनला जाऊन मिळवलेले ज्ञान त्या फेडीत होते.

म्हणून परमुलखात जाणाऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक घराने आपल्या दारातला व्यवहार तपासावा. छत्तीसगढच्या हमालाला ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी मिळते का? खोली भाड्याने देताना नोकरीआधी जात, धर्म आणि मूळ गाव विचारले जाते का? मुलाला परदेशात हे प्रश्न झेलावे लागू नयेत असे वाटत असेल, तर ते आपल्या उंबऱ्यावर विचारणे बंद करणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.